साडेसोळा फुटांची गाडीवाट

धोंड्याच्या महिन्यात जावयानं काय करायचं असतं, सांगा बरं. पाटावर बसायचं, पाय धुऊन घ्यायचे, पुरणाचे धोंडे खायचे, तूप वाढताना "बास, बास" म्हणत हात आडवा धरायचा आन् तरी खायचं. दुपारी कूलरच्या म्होरं लवंडायचं. चार वाजता च्या. मग कापडं, दिवा, तेहतीस अनारशांचा डबा गाडीत ठेवायचा आन् आपल्या गावाला निघायचं. आजवर समद्या जावयांनी हेच केलं, कुणाला काही तरास झाला न्हाय. आमचा जावई आला तो गाडीच्या टपावर सायकल बांधून.

"मामा, उद्या पहाटे पाचला निघू या," गाडीतनं उतरल्या उतरल्या तो म्हणला. हातात दिलेलं पाणीबी प्यायला न्हाय.

"कुठं निघायचं?"

"रस्ते शोधायला. कच्चे रस्ते."

म्या बायकोकडं बघितलं. तिनं डोळ्यानंच मला गप केलं. अधिक महिन्यात जावई म्हंजे नारायण, त्याला न्हाय म्हणायचं नसतं. नारायणानं काय मागावं याला काही धरबंध हाय का न्हाय, हे मातर कुणी सांगत न्हाय.

योगीराज त्याचं नाव. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. पोरगा गुणाचा, आवाज चढवून बोलल्याचं म्या कधी ऐकलं न्हाय, आन् तेच मला कधीकधी सहन होत न्हाय. मधली दोन वर्षं कंपनीनं त्याला फ्रान्सात धाडलं होतं, माझी निकिताबी संगं गेली होती. तिथनं माणसं अत्तर आणतात, चॉकलेट आणतात. ह्यानं सायकलचं याड आणलं. तिथं म्हणे शेताशेतातनं, द्राक्षाच्या मळ्यांतनं, जुन्या गावांच्या वेशीतनं मुरमाच्या वाटा हायत. जाड टायरची सायकल घ्यायची, दिवसभर हिंडायचं, दुपारी एखाद्या गावात पाव खायचा आन् परत मुरमाला लागायचं. त्या वाटांचे नकाशे असतात, पाट्या असतात, लांबलांबनं माणसं येतात.

हे ऐकूनच माझं डोकं फिरलं. आमचं गाव तामलवाडी आन् जळकोटच्या मधात, हायवेपासून आत. आमचं आख्खं आयुष्य मुरमावर गेलं. त्या मुरमापायी माझे दोन मणके सरकले. डांबरी करा, डांबरी करा म्हणून अर्ज लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. आन् हा बाबा मुरूम हुडकत सासरवाडीला आला!

संध्याकाळी सैपाकघरात निकितानं खरी गोष्ट काढली. पुरण वाटता वाटता म्हणली, "पप्पा, तुम्ही चिडू नका, आधी ऐका. यांच्या सायकलवाल्यांचा पुण्यात मोठा ग्रुप आहे. त्यांना हिवाळ्यासाठी एक रस्ता हवाय. पन्नासएक किलोमीटरचा, सलग. कुठं हायवेवर चढायला लागू नये आणि कुठं सायकल खांद्यावर घ्यायला लागू नये. तसा रस्ता इथं सापडला तर आम्ही आपल्या मळ्यातल्या दोन खोल्या नीट करून घेणार. येणाऱ्यांची सोय तिथंच. सहा महिने आम्ही इथं, सहा महिने पुण्यात. यांचं काम कुठूनही होतं."

तिच्या आईचा हात पुरणातच थांबला. "सहा महिने? इथं?"

"हो. पण यांच्या मित्राचा एक रस्ता साताऱ्याकडं तयार आहे. रविवारी ठरवायचंय. इथला जमला नाही तर तिकडंच जावं लागेल."

लग्नाला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत पोरगी कधी सलग पाच दिवस घरात ऱ्हायली न्हाय. दिवाळीला दोन दिवस, जत्रेला एक. तिची आई दर बारीला गाडी वळणाआड जाईस्तोवर दारात उभी ऱ्हाते आन् मग उगं भांडी घासत बसते. मला रडू येत न्हाय, मला राग येतो. म्या म्हणलं, सहा महिन्यांसाठी फ्रान्सातला मुरूम आणून टाकायला लागला तरी टाकू.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आमची वरात निघाली. म्होरं जावई, डोक्याला टोप, डोळ्याला काळा चष्मा, अंगाला चिकटलेली कापडं. मागं मी मोटारसायकलवर, हँडलला पाण्याचे कॅन आन् अनारशांची पिशवी. त्याच्या सायकलला म्होरं एक बारकं यंत्र होतं. वळण आलं की ते "टुंग" वाजायचं. मोबाइलात त्यानं गावांचे जुने सरकारी नकाशे भरले होते. त्या नकाशात दोन टिंबांच्या रेघा असतात, ती गाडीवाट. आज्यापंज्याच्या काळची, बैलगाडीची. एका टिंबाची रेघ असली तर नुसती पायवाट.

"मामा, या दोन टिंबांच्या रेघा जोडल्या की आपला रस्ता तयार," तो म्हणला. कागदावर समदंच सोपं असतं.

पहिल्या तीन किलोमीटरला नवीन डांबरी लागली. माझ्या अर्जांवर झालेली. म्या छाती काढून गाडी चालवायलो होतो, तर जावई ब्रेक दाबून उभा. तोंड उतरलेलं.

"अरेरे. इथं डांबर टाकलंय."

"आरं बाबा, अकरा वर्षं लागली ते टाकायला!"

"नाही, छान आहे. पण आपल्याला नको."

मग तो शेजारच्या पाणंदीत घुसला. पाणंद म्हंजे दोन्ही बाजूनं बांध आन् मधून वाट. दगडगोटे, चाकोऱ्या, वेड्या बाभळी. माझ्या मोटारसायकलचा शॉकअप तिथंच बसला. तो मातर "वा! मामा, काय सुंदर!" करत चाललेला. सुंदर! माझ्या बरगड्यांना इचारा.

पण थोडं गेलं की वाट सपायची. नकाशात दोन टिंबं चालूच, आन् जमिनीवर कुणाची तरी नांगरट. जावई उतरायचा, इकडंतिकडं बघायचा, टेपनं रुंदी मोजायचा, फोटो काढायचा.

"मामा, रस्ता गेला कुठं?"

"खाल्ला."

"रस्ता खातात?"

"मग! दर वर्षी एक तास, म्हंजे नांगराची एक ओळ, आत सरकायचं. औत फिरवताना एक तास इकडनं, एक तास तिकडनं. वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट, आन् पुढं पायवाटेचा बांध. ह्या माणसांना लाज न्हाय, शरम न्हाय. वाट काय ह्यांच्या बापाची हाय? मागचा माणूस बी-बियाणं कुठनं नेणार, आजारी पडला तर कुठनं काढणार, काही इचार? सरकारनं एकेकाला धरून..." असं माझं सुरू झालं की थांबत न्हाय. जावई मान हलवत ऐकायचा. तेवढं बरं हाय त्याचं.

आमच्या स्वतःच्या शेताजवळ आलो तवा म्या त्याला वरच्या सडकेनं काढलं. म्हणलं, हितं काटे लई हायत, टायर फुटंल. का, ते सांगतो, जरा दम धरा.

म्होरं मल्लिनाथचं शेत. मल्लिनाथ जळकोटच्या बाजूचा, लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी, आन् भांडताना दोन्ही. त्यानं गाडीवाटेवर आडव्या बोरीच्या काट्या टाकून पलीकडं चक्क कडबा रचलेला. जावई टेप काढून मोजायला लागला, यंत्र टुंग टुंग वाजायला लागलं, तसा मल्लिनाथ टॉवेल झटकत पळत आला.

"यप्पा! तात्या, हे साहेब कोण म्हणायचे?"

"साहेब न्हाईत. जावई हायत माझे."

मल्लिनाथनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जावई?"

"व्हय. धोंड्याला आलेत पुण्याहून."

"तात्या, आमाला येडं समजता व्हय? धोंड्याचा जावई मे महिन्याच्या उन्हात सायकल मारतोय, आन् सासरा मागं पाण्याचा कॅन घेऊन? ऐकलाय का कुणी असला जावई?" त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगा. मोजणी हाय ना? पाणंदी मोकळ्या करायच्या? म्हणूनच साहेब सायकलवर, कुणाला कळू नये म्हणून."

म्या चारदा सांगितलं, जावई हाय, सायकल हौसेची हाय. जितकं सांगावं तितकी त्याची खातरी पटत चालली. खरं बोललं तरी कुणी ऐकत न्हाय म्हणल्यावर माणसानं काय करावं? म्या गप बसलो. मल्लिनाथनं जावयाला खुर्ची आणून दिली, ताक पाजलं, आन् वर कापडी टोपी-टॉवेल देऊन नारळ हातात ठेवला. साहेब असला तरी खूश, जावई असला तरी खूश.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तर मल्लिनाथच्या काट्या गायब. कडबा शंभर पावलं आत. गाडीवाट झाडून ठेवल्यासारखी मोकळी.

"मामा, इथं परवा काट्या होत्या ना?" जावई चक्रावला.

"माणसं समजूतदार हायत," म्या म्हणलं.

मग बातमी पसरली. सायकलवाला साहेब फिरायलाय, नकाशा घेऊन, टेप घेऊन, यंत्र वाजतंय. ज्यांनी ज्यांनी वाट खाल्ली होती त्यांची झोप उडाली. कुणी तारा मागं घेतल्या, कुणी जेसीबी बोलावून बांधाच्या ताली सरकवल्या, एकानं तर वाटेवर बांधलेली म्हशीची दावण उखडली. तीस-तीस वर्षांची अडवणूक चार दिवसांत सुटली. तहसीलच्या नोटिशींनी जे झालं न्हाय ते एका हौशी जावयानं केलं, आन् त्याचं त्याला ठाव न्हाय! शुक्रवारपर्यंत नकाशातल्या टिंबांत आन् जमिनीत फरक ऱ्हायला न्हाय. मी घरी येऊन पोट धरून हसलो. निकिताची आई मातर हसली न्हाय. मला वाढता वाढता म्हणली, "समद्यांचं निघालं का?"

"समद्यांचं."

"समद्यांचं?" परत तेच.

म्या भाकरी मोडली आन् कालवणात बुडवली.

शनिवारी सकाळी जावई पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग जाणार होता. ह्या बारीला तो माझं ऐकणार नव्हता, कारण यंत्रात आख्खा नकाशा भरला होता आन् ते जिकडं टुंग वाजंल तिकडंच जायचं, अशी अट होती. लोकांना वाटलं आज शेवटची तपासणी. आपापल्या वाटेच्या तोंडाशी माणसं उभी, कुणी पाणी धरतंय, कुणी नमस्कार घालतंय. ह्या बारीला उलट्या बाजूनं फिरून घराकडं येताना अठ्ठेचाळीस किलोमीटर झाले. जावयाचं तोंड असं फुललेलं की मलाच बरं वाटलं.

आन् मग ते यंत्र माझ्या शेताच्या तारेसमोर येऊन वाजलं.

वरची सडक घ्या म्हणून म्या हाक मारली. तो थांबला. मोबाइलकडं बघितलं, तारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नकाशात दोन टिंबांची रेघ सरळ माझ्या रानातनं पलीकडं जात होती. दोनशे पावलांचा तुकडा. सायकल उचलली, तारेवरनं पलीकडं ठेवली, स्वतः तार ओलांडली, सायकल खांद्यावर घेतली आन् नांगरटीच्या ढेकळांतनं ठेचकाळत चालायला लागला. धोंड्याचा जावई, माझ्याच रानात, सायकल खांद्यावर. मागं मल्लिनाथ आन् दहा-बारा माणसं मोटारसायकलवर आलेली. समद्यांनी बघितलं.

"तात्या," मल्लिनाथ म्हणला, "तुमचं मोजायचं ऱ्हायलंय वाटतं."

"गप बस रे."

"न्हाय, गप कसा बसू? आमी काट्या काढल्या, कडबा हलवला. ह्यांनी ताली फोडल्या. आन् तुमच्या तारा तशाच? साहेब तुमच्या घरात उतरलेत म्हणून?"

माझी सटकली. "आरं, कुठला साहेब? पयल्या दिवसापासनं बोंबलून सांगतोय, जावई हाय, जावई हाय! कसली मोजणी न् कसलं काय, सायकल हाय ती!"

आन् बोलून गेल्यावर कळलं, काय बोललो ते.

"म्हंजे आमी घाबरून वाटा सोडल्या, आन् तुमाला ठाव होतं घाबरायचं कारण न्हाय, म्हणून तुमी सोडली न्हाय. असंच ना?" मल्लिनाथ गाडीला किक मारत म्हणला, "सोमवारी म्याबी काट्या परत टाकतो. बाकीचेबी टाकतील. तुमचा जावई जाऊ द्या साताऱ्याला."

साताऱ्याचं त्याला कुठनं कळलं कोण जाणे. गावात काही लपत न्हाय.

दुपारी जेवणं झाली. जावई म्हणला, "मामा, जेवण फार छान झालं," आन् बाहेर जाऊन सायकल गाडीच्या टपावर चढवायला लागला. बास. एवढंच. ह्या माणसानं दोन शब्द वाईट बोलावेत, मला शिव्या द्याव्यात, तर म्याबी दिल्या असत्या आन् गोष्ट मिटली असती! पण जावई सासऱ्याला बोलणार न्हाय, सासरा जावयाला बोलणार न्हाय. असल्या रीतीनं माणूस आतल्या आत शिजतो.

निकिता मातर माझीच पोरगी. ती सरळ म्होरं येऊन उभी ऱ्हायली.

"पप्पा, ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. आठवडाभर तुम्ही त्यांना सांगताय, लोकांना लाज नाही, वाट यांच्या बापाची आहे का. ती वाट कुणाच्या बापाची आहे?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नकाशा कळतो. आणि आपल्या मागच्या रानातल्या प्रेमाकाकू डोक्यावर खताची पोती नेताना मी लहानपणापासून बघतेय, तेही कळतं."

"प्रेमाबाईचा सासरा आन् माझे वडील, त्यांची बांधावरल्या लिंबाच्या झाडावरनं जुंपली होती. ते जुनं हाय. दोघंबी गेले. झाडबी गेलं."

"मग वाट का येईना परत?"

म्या बायकोकडं बघितलं, ती काही बोलंल म्हणून. ती म्हणली, "म्या लग्न होऊन आले त्या वर्षापासनं सांगायलेय. तुमाला ऐकू आलं न्हाय." आन् अनारशांचा डबा बांधायला लागली. पोरगी रविवारी दुपारी जाणार होती. तिच्या आईनं तेहतीस मोजून भरले, परत बाहेर काढले आन् परत मोजले.

आता दम धरा म्हणलं होतं ते सांगतो. खोटं बोलून काय करू? वडलांनी वाट नांगरली तवा औत माझ्याच हातात होतं. एकोणीस वर्षांचा होतो. वडील बांधावर उभे ऱ्हाऊन म्हणले, घाल आत. म्या बैल आत घातले. सकाळच्या पारी सुरू केलं, न्याहारीपर्यंत साडेसोळा फुटांची गाडीवाट आमच्या रानात मिसळली. मागनं तारा ठोकल्या त्याबी म्याच. पुढं प्रेमाबाईचा नवरा वारला, तिच्या तीन एकरात ट्रॅक्टर जाईना, ती मल्लिनाथच्या हातापाया पडून त्याच्या बांधावरनं वर्षात एकदा नांगर नेते. दोनदा माझ्याकडं आली होती. म्या दोन्ही बारीला म्हणलं, कागद दाखव. तिच्याकडं कुठला कागद? नकाशा सरकारकडं. आन् गंमत अशी की त्या तुकड्यात एक झाड न्हाय, विहीर न्हाय, पाइप न्हाय. नुसती ढेकळं. पाऊस चांगला झाला तर चार पायल्या सोयाबीन जास्त. त्याच्यासाठी एवढं! माझा मलाच असा संताप आला की कुणावर काढावा ते सुचंना.

रविवारी उजाडताच मी पक्कड, पहार आन् ट्रॅक्टर घेऊन रानात गेलो. कुणाला सांगितलं न्हाय. तारा सोडल्या, खांब उपटले, ट्रॅक्टरला फळी लावून ढेकळं दाबत गेलो. चार फेऱ्यांत वाट दिसायला लागली. टेपनं मोजली. साडेसोळा. एका जागी सोळाच भरली तर परत फळी मारली. उगं कुणी म्हणायला नको.

तोवर मल्लिनाथ आला, मग आणखी माणसं. कुणीतरी घरी सांगितलं असणार, कारण निकिता, तिची आई आन् जावई तिघंबी आले. जावयाच्या अंगावर परत ती चिकटलेली कापडं. त्यानं टपावरनं सायकल उतरवलीच होती. मल्लिनाथ वाटेवरनं चालून आला, पायानं ढेकूळ फोडून बघितलं आन् म्हणला, "चला, म्हंजे मला काट्या टाकायचं काम ऱ्हायलं न्हाय." मला हायसं वाटलं. वाटलं, झालं. मिटलं.

तेवढ्यात शेणखताची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला, आन् ट्रॅक्टरच्या म्होरं चालत प्रेमाबाई. तिला कुणी सांगितलं होतं ठाव न्हाय. साठीच्या पुढची बाई, पदर कमरेला खोचलेला. वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली. ट्रॅक्टरवाल्यालाबी हात करून थांबवलं.

"या की वैनी," म्या म्हणलं. "मोकळी केलीय. घाला आत."

ती हलली न्हाय.

"आवो या की! किती येळ उभं ऱ्हाणार? आता काय झालं?" इतकं केल्यावर बाईनं निदान बरं तरी म्हणावं! माझा आवाज चढायला लागला होता.

"भावजी," ती म्हणली, "तुमची पोरगी आज दुपारी जाणार. उद्या तुमी परत नांगर घातला तर माझी ट्रॉली आत अडकंल. रिकामी झाली तरी बाहेर कुठनं काढू?"

"असं कसं म्हणता? एवढ्या माणसांसमोर..."

"तवाबी माणसं होती भावजी. म्या सासूच्या मागं उभी होते. औत तुमी धरलं होतं."

निकिता माझ्याकडं बघायला लागली. तिला औताचं ठाव नव्हतं, तिला वाटायचं आजोबांनीच केलं. मला प्रेमाबाईचा लई राग आला. आन् राग आला तो ती खोटं बोलली म्हणून न्हाय. ट्रॅक्टरवर फळी मारताना, चौथ्या फेरीला, माझ्या मनात हेच आलं होतं. रस्ता ठरू दे, पोरगी हो म्हणू दे, मग पावसाळ्यात बघू. कुठं सायकली पावसाळ्यात येतात? एक पीक निघंल. हे म्या कुणापाशी बोललो नव्हतो. त्या बाईला ते कसं कळलं?

"निकिता," म्या म्हणलं, "गाडीतनं वही आण. पेनबी आण."

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वही ठेवून म्या लिहिलं. गट नंबर लिहिला, लांबी लिहिली, रुंदी लिहिली, नकाशातली वाट वडलांनी आन् म्या नांगरली हेबी लिहिलं. खाली सही केली. मल्लिनाथनं साक्षीदार म्हणून सही केली, जावयानं केली, निकिताच्या आईनं केली. तिची सही लई दिवसांनी बघितली. म्या कागद प्रेमाबाईला दिला. तिनं तो उलटा-सुलटा बघून निकिताच्या हातात ठेवला.

"वाच, बाळा."

निकितानं वाचलं. शेवटचं वाक्य होतं, ही गाडीवाट प्रेमाबाईला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कायमची मोकळी राहील.

"ते शेवटचं परत वाच."

निकितानं परत वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा पोरीनं कागद माझ्याम्होरं धरला. मग कागद म्या घेतला आन् म्याच वाचला, मागं उभ्या असलेल्या माणसालाबी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, कायमची मोकळी राहील. प्रेमाबाईनं माझ्या हातातनं कागद काढून घेतला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, आन् ट्रॅक्टरवाल्याला म्हणली, "घाल आत."